खिडक्यांना जाळी आहे का?

मांजर दत्तक घ्यायला निघालेलं कुटुंब पहिल्यांदा चकित होतं ते फॉर्म पाहून. पिल्लू रस्त्यावरचं, कुणाचंच नसलेलं. आपण त्याला घर द्यायला आलो, तर समोर दोन पानांची प्रश्नावली. घर स्वतःचं की भाड्याचं? घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का? याआधी मांजर पाळलं होतं का, आणि त्याचं पुढे काय झालं? गावाला गेलात तर कोण बघणार? आणि जवळपास प्रत्येक शहरी फॉर्मवर हटकून असणारा प्रश्न: खिडक्यांना जाळी आहे का? लग्नाच्या स्थळालाही कुणी एवढं विचारत नाही, असं पुटपुटत काही जण तिथूनच परत फिरतात.

त्यांनी परत फिरू नये. या फॉर्ममधला एकेक प्रश्न कुठल्या तरी मांजराच्या मरणातून, नाहीतर परत येण्यातून जन्मलेला असतो. पिल्लं वाचवणारी माणसं बहुतेक नोकरी-संसार सांभाळून हे काम करतात. कागद वाढवण्याची हौस त्यांना नसते. पण मांजराला आपली हकिगत सांगता येत नाही आणि नवं घर कसं आहे हेही आधी विचारता येत नाही. ही दोन्ही कामं त्याच्या वतीने कागद करतो.

जाळीचंच घ्या. मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायांवर पडतं आणि उठून चालू लागतं, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. यातलं अर्धं खरं आहे. पडताना मांजर हवेतच अंग वळवून पाय खाली आणू शकतं. पण पायांवर पडणं म्हणजे सुखरूप पडणं नव्हे. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या पशुरुग्णालयात इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं पाच महिन्यांत आली. त्यांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, म्हणून हा अभ्यास मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. पण त्या मांजरांच्या छातीला मार होता, जबडे फुटलेले होते, पाय मोडलेले होते. शिवाय जी जागेवरच गेली ती रुग्णालयापर्यंत आलीच नाहीत, म्हणून मोजलीही गेली नाहीत. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये ‘ग्रिल आहे की’ हे उत्तर पुरेसं नसतं. दोन गजांमधून डोकं गेलं की पिल्लाचं सगळं अंग जातं. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी काही मांजरं कुरतडतात, तेव्हा तीही अधूनमधून तपासावी लागते. घर पाहायला आलेला स्वयंसेवक स्वयंपाकघराच्या खिडकीशी, ओट्याच्या वरच्या त्या सरकत्या काचेशी सर्वांत जास्त वेळ थांबतो, याचं कारण हे आहे.

कायदा असताना संस्थेच्या करारनाम्याची गरज काय, असंही विचारलं जातं. कायदा आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांसाठी खासगी विधेयक आणलं. पंतप्रधान नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचं आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतलं, आणि पुढे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्याखाली १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झालं आणि रुक्मिणीदेवीच त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं हा या कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी कायद्यात लिहिलेला दंड आहे १० ते ५० रुपये. एके काळी त्या रकमेला काही वजन असेल, आज कटिंग चहाच्या दोन-चार फेऱ्यांत ती संपते. प्राण्याला ठार मारणं किंवा जायबंदी करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. पण नकोसं झालेलं मांजर पिशवीत घालून मासळीबाजारात सोडून येणाऱ्याच्या बाबतीत गोष्ट तिथवर पोचत नाही. कायद्यातली ही फट दत्तक-करार भरून काढू पाहतो.

करारातल्या बहुतेक अटी चार-पाच ओळींत मावतात. मांजर विकायचं नाही, परस्पर दुसऱ्याला द्यायचं नाही. लसी आणि नसबंदी वेळेवर करायची. संस्थेने मागितला तर फोटो पाठवायचा. आणि सर्वांत मोलाची अट: सांभाळणं जमलं नाही तर मांजर रस्त्यावर न सोडता आमच्याकडेच परत आणायचं. ही शेवटची अट वाचून काहींना वाटतं, आपल्यावर आधीच अविश्वास दाखवला जातोय. खरं तर ती घेणाऱ्याच्या बाजूची अट आहे. माणसांची बदली होते, दमा निघतो, घरात दुखणं येतं. अशा वेळी लाज न बाळगता परत जाण्यासाठी एक दार उघडं आहे, एवढंच ती सांगते. ओळखपत्राची प्रत मागतात तेव्हा पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्यावं. संस्थेचं काम त्यावर भागतं आणि आपला पूर्ण क्रमांकही कुठे फिरत नाही.

मांजराची फाईल मात्र दत्तक दिल्याच्या दिवशी सुरू होत नाही. पिल्लू उचललं त्या क्षणी ती सुरू व्हायला हवी. मात्र कधी कधी न उचलणं हाच योग्य निर्णय असतो. मांजरी आपली पिल्लं सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. सातचा आकडा सोडून द्या, फिरवते हे खरं. जागा असुरक्षित वाटली, पाऊस आत आला, बोका घुटमळू लागला की ती एकेक पिल्लू मानेला धरून हलवते. या हलवाहलवीत एखादं पिल्लू तासभर एकटं ओरडत राहतं आणि जाणारा-येणारा कनवाळूपणाने ते घरी घेऊन जातो. पिल्लू अंगाने गुबगुबीत आणि स्वच्छ असेल तर आई बहुधा जवळच असते. लांबून काही तास लक्ष ठेवावं. पिल्लू थंड पडलेलं, मरगळलेलं, जखमी, मुंग्या लागलेलं असेल, तर मात्र थांबू नये. थंड पिल्लाला आधी ऊब द्यायची, मग दूध. गार पडलेल्या पोटाला दूध पचत नाही, आणि गाईचं दूध तर पिल्लांसाठी नाहीच. त्यांच्यासाठीची वेगळी दूधपावडर मिळते, ती द्यावी.

उचलायचं ठरलं तर जागेचा फोटो, तारीख, वेळ, सोबत आणखी पिल्लं होती का, आई दिसली का, अंदाजे वय आणि कुणाला चावा किंवा ओरखडा बसला का, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवावं. चाव्याची नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण आपल्या देशात रेबीज आहे आणि मांजरापासूनही तो होतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शनासाठी दवाखाना गाठायचा. ‘पिल्लूच तर होतं’ म्हणून थांबू नये.

त्यानंतर फाईलमध्ये येतं ते लसीकरणाचं कार्ड. घरगुती मांजरांची मुख्य लस तीन आजारांसाठी असते: पॅनल्युकोपेनिया आणि सर्दी-डोळ्यांचे दोन विषाणू. ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने १६ आठवडे वय होईपर्यंत पुन्हा देतात. रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनंतर. कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का नसेल तर त्या ओळीवर विश्वास ठेवू नये. ‘एक लस झालीय’ असं तोंडी ऐकून पुढचा डोस चुकवलेली पिल्लं पावसाळ्यात भराभर आजारी पडतात.

रेस्क्यूवाले ज्याला ‘मांजरांचा पार्वो’ म्हणतात, त्या पॅनल्युकोपेनियाला थोडी जास्त जागा द्यायला हवी. फॉर्मवरचा एक विचित्र वाटणारा प्रश्न त्याच्यामुळे आला आहे: गेल्या वर्षभरात तुमच्या घरात एखादं पिल्लू आजारी पडून गेलं का? हा विषाणू घरातल्या फटींत, सतरंजीत, कपाटाखाली महिनोन्महिने, कधी वर्षभरही टिकतो. गेलेल्या पिल्लाच्या दुःखावर उतारा म्हणून महिन्याभरात दुसरं लस न झालेलं पिल्लू आणलं, की तेही त्याच वाटेने जातं. अशा घरात पूर्ण लस झालेलं मोठं मांजर द्यायचं असतं आणि आधी घर ब्लीचच्या पातळ द्रावणाने पुसून कोरडं करून घ्यायचं असतं. इथे एक ताकीद ठळकपणे द्यायला हवी. आपल्या घरांत फरशी पुसायला सर्रास वापरलं जाणारं फिनाईल मांजराला विषारी आहे. मांजराचं यकृत अशी रसायनं नीट बाहेर टाकू शकत नाही, आणि ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं. हीच गोष्ट पॅरासिटामॉलची. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीची परमेथ्रिनची औषधं, कपाटातल्या डांबरगोळ्या, फुलदाणीतली लिली, तव्यावरचा कांदा-लसूण हेही त्याच यादीत येतं.

नसबंदीची अट घेणाऱ्यांना सर्वांत जड जाते. ‘एकदा तरी पिल्लं होऊ देत’ ही भावना समजण्यासारखी आहे, पण मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, गर्भारपण जेमतेम नऊ आठवड्यांचं असतं, आणि वर्षातून एकाहून जास्त वेळा ती विऊ शकते. उन्हाळा सुरू झाला की संस्थांच्या फोनवर पिल्लांचे फोटो नुसते कोसळत असतात. वयाच्या पाचव्या महिन्याच्या आसपास, डॉक्टरांनी तब्येत पाहून, हे ऑपरेशन उरकावं. बोक्याचं तर फारच सोपं असतं. त्याने भांडणं, जखमा, घरभर मुतून हद्द आखणं आणि रात्र रात्र गायब होणं बरंच कमी होतं.

सरकारी आणि सोसायटीचे कागद त्यामानाने थोडके आहेत. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे मांजरांचीही नोंदणी आवश्यक ठरवली, रेबीजच्या लसीचा दाखला तिथे लागतो. इतर शहरांचे नियम वेगवेगळे आहेत, आपल्या महापालिकेत चौकशी करावी. सोसायटीच्या बाबतीत जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. भाड्याच्या घराचं तसं नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात मालकाने प्राणी नकोत असं लिहिलं असेल तर ११ महिन्यांनी मांजरावर संक्रांत येते. म्हणून संस्था घरमालकाची लेखी संमती मागते, आणि ती मागणी अगदी रास्त आहे.

एवढं सगळं होऊन मांजर घरी येतं, पिंजऱ्याचं दार उघडतं आणि ते पलंगाखाली पसार होतं. दिवसभर दिसत नाही. मुलं हिरमुसतात, आजी म्हणते हे घाबरट निघालं, आणि कुणीतरी झाडूच्या दांड्याने त्याला बाहेर काढायला जातं. दत्तक घेण्याच्या संपूर्ण प्रवासात सर्वांत जास्त बिघडतं ते इथे.

लपणं हा मांजराचा आजार नाही, तो त्याचा उपाय आहे. मांजर शिकारी आहे, तसंच ते इतरांची शिकार होऊ शकणारं लहान जनावरही आहे. अनोळखी जागेत आधी पाठ भिंतीला लावून, अंग झाकून, समोर काय चाललंय हे बघणं ही त्याची पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये याची साधी परीक्षा घेतली. निवारागृहात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकं मिळालेल्या मांजरांचा ताण पहिल्या काही दिवसांतच लक्षणीय उतरला. खोकं न मिळालेलीही सावरली, पण त्यांना जवळपास दोन आठवडे लागले. पुठ्ठ्याचा एक रिकामा खोका आणि दोन आठवड्यांची भीती यांचा हा हिशेब आहे. मिक्सरचा किंवा किराण्याचा खोका आडवा ठेवावा, आत फोस्टरच्या, म्हणजे दत्तक जाईपर्यंत मांजर सांभाळणाऱ्याच्या, घरून आणलेला न धुतलेला टॉवेल टाकावा. न धुतलेला हे महत्त्वाचं, कारण मांजर जग नाकाने ओळखतं आणि त्या टॉवेलला त्याचा स्वतःचा वास असतो.

सुरुवातीला सगळं घर मोकळं करू नये. एकच खोली द्यावी, शक्यतो जिथे वर्दळ कमी. तिथेच खाणं, पाणी, खोका आणि शीचा ट्रे. ट्रे खाण्याच्या भांड्यापासून जितका लांब ठेवता येईल तितका बरा, स्वतःच्या ताटाशेजारी घाण करणं मांजराला पटत नाही. रस्त्यावर वाढलेल्या मांजराला ट्रेमध्ये घालायचं बाजारातलं सुगंधी लिटर कळतच नाही. बांधकामाच्या वाळूत जाणाऱ्या मांजराला आधी वाळूच द्यावी आणि हळूहळू त्यात लिटर मिसळत न्यावं. खाणंही पहिला आठवडा फोस्टरकडे होतं तेच. घर नवं, माणसं नवी, निदान वाटीतला वास तरी ओळखीचा असावा.

बहुतेक मांजरं पहिल्या रात्री, घर झोपल्यावर, गुपचूप खाऊन घेतात. सकाळी वाटी रिकामी दिसली की काळजी मिटली असं समजावं. पण मोठ्या मांजराने पूर्ण दिवसभर काहीच तोंडात घेतलं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा. दुसरा दिवसही तसाच जाऊ देऊ नये. उपाशी मांजराच्या शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृत निकामी होऊ लागतं, अंगाने जाड मांजरात तर लवकर. पिल्लांच्या बाबतीत एवढाही वेळ नसतो. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर ती ताबडतोब दवाखान्यात नेण्याची वेळ आहे, रात्र असली तरीही. मुंबईकरांसाठी परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, जुन्या माणसांचं बैलघोडा हॉस्पिटल, पिढ्यान् पिढ्या आधार आहे. ते चालवणारी संस्था १८७४ पासूनची. पण प्रत्येकाने मांजर घरी येण्याआधीच आपल्या जवळचा रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला हे शोधून फाईलवर लिहून ठेवावं.

मैत्री कशी करायची? काही न करून. खोलीत जमिनीवर बसावं, पुस्तक वाचावं, हळू आवाजात बोलावं, त्याच्याकडे टक लावून बघू नये. टक लावणं ही मांजरांच्या जगात धमकी आहे. उलट डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडझाप केली तर त्याचा परिणाम होतो. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासलं. माणसाने अशी संथ पापणी लववली की मांजरंही तसंच उत्तर देत होती आणि अनोळखी माणसाने पुढे केलेल्या हाताजवळ जास्त वेळा येत होती. हे घरी कुणालाही करून पाहता येतं, आणि मांजराने पहिल्यांदा पापणी लववून उत्तर दिलं की घरातल्या लहान मुलांचा आनंद बघण्यासारखा असतो.

रेस्क्यूवाल्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: तीन दिवस बावरण्याचे, तीन आठवडे घराची घडी समजण्याचे, तीन महिने घर आपलं वाटायला. तो काही नियम नाही. काही पिल्लं तीन तासांत मांडीवर असतात, काही मोठ्या मांजरांना वर्ष लागतं. इथे वयाचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत टेम्पल विद्यापीठातल्या आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं, की पिल्लू माणसाळण्याचा खरा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांचा. त्या दिवसांत माणसाचा हात लागलेली पिल्लं पुढे माणसांत सहज वावरतात. तो काळ उलटून गेलेलं, माणूस दिसला की जिवाच्या आकांताने पळणारं मोठं रानवट मांजर फ्लॅटमध्ये कोंडणं ही दया नव्हे. त्याची नसबंदी करून, लस देऊन, खूण म्हणून कानाचं टोक किंचित कापून, त्याला त्याच्याच वस्तीत परत सोडणं आणि तिथे त्याच्या खाण्याची व्यवस्था लावणं हेच त्याच्या हिताचं.

कुत्रं माणसाला धरतं आणि मांजर घराला, असं मानलं जातं. लंडनमध्ये पंतप्रधानांच्या निवासस्थानी राहणारा लॅरी हा बोका याचं उदाहरण म्हणून शोभेल. बॅटर्सीच्या निवारागृहातून फेब्रुवारी २०११ मध्ये त्याला उंदरांसाठी आणलं. २०१६ मध्ये डेव्हिड कॅमेरून घर सोडून गेले, लॅरी तिथेच राहिला, आणि २०२४ पर्यंत त्याने सहा पंतप्रधान पाहिले. पण समजुतीचा दुसरा भाग, मांजराला माणसाचं काही नसतं हा, टिकत नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठाने २०१९ मध्ये पिल्लांना त्यांच्या माणसासोबत अनोळखी खोलीत ठेवून, मग थोडा वेळ एकटं सोडून, पुन्हा भेटवून पाहिलं. माणूस परत आल्यावर सुमारे ६४ टक्के पिल्लं निवांत झाली. त्याच्याजवळ येऊन गेली आणि पुन्हा खोली हुंगायला लागली. भरवशाच्या नात्याची हीच खूण तान्ह्या मुलांतही पाहतात. तेव्हा मांजर घराला धरतं ते आधी, आणि माणसाला धरतं ते त्यानंतर. हा क्रम उलटा करायला गेलं की ओरखडे बसतात.

घरात आधीचं मांजर असेल तर धीर दुप्पट लागतो. नव्याला दहा-पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं, आजार उघडा पडायला एवढा वेळ लागतो म्हणूनही. मधल्या काळात दोघांची पांघरुणं अदलाबदल करायची, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी खाऊ घालायचं, मग दार बोटभर उघडं. दोघांत तीन ट्रे असावेत. पहिल्याच दिवशी ‘बघू काय करतात’ म्हणून समोरासमोर सोडलेली मांजरं महिनोन्महिने एकमेकांवर गुरगुरत राहतात.

घरकामाच्या मावशींना या सगळ्यात सामील करून घ्यावं, ही बाब फॉर्मवर नसते पण असायला हवी. दार उघडं राहतं ते बहुधा केर काढताना, आणि फिनाईलही त्याच वेळी ओतलं जातं. त्यांना मांजराचं नाव सांगावं, दाराची सवय सांगावी. दिवाळीच्या आठवड्यात मांजर घरी आणू नये. पहिल्याच रात्री फटाके ऐकलेलं मांजर त्या घराला भीतीशी जोडून टाकतं. कोकणात किंवा गावात अंगणाचं घर असेल आणि मांजर पुढे बाहेर फिरणार असेल, तरी पहिले तीन-चार आठवडे ते आतच हवं, नाहीतर ते जुन्या जागेच्या शोधात निघतं आणि वाटेत रस्ता असतो.

मांजर परत येण्याचं एक कारण वेगळं सांगायला हवं, कारण ते गैरसमजातून येतं. घरात सून गरोदर राहिली की मांजर बाहेर, असं अनेक घरांत ठरूनच असतं. भीती टॉक्सोप्लाझ्मोसिस या संसर्गाची असते आणि ती अगदीच निराधार नाही. पण ज्या मांजराला पहिल्यांदा हा संसर्ग होतो ते जेमतेम एक ते तीन आठवडे विष्ठेतून हे जंतू टाकतं, आणि विष्ठेतले जंतू बाधा करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस लागतो. ट्रे रोज आणि दुसऱ्या कुणीतरी साफ केला, मांजराला कच्चं मांस दिलं नाही, घरातही मांस नीट शिजवलं आणि भाज्या धुतल्या, तर मांजर घराबाहेर काढावं लागत नाही. डॉक्टरांशी हे बोलून घ्यावं.

परदेशी निघालेल्या कुटुंबांचीही तीच गोष्ट. पुण्याहून जर्मनीला किंवा ब्रिटनला बदली झाली की मांजर नेता येत नाही, असं समजून ते देऊन टाकलं जातं. नेता येतं, फक्त कागदांचा क्रम चुकता कामा नये. आधी १५ अंकी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची चाचणी, आणि त्या रक्तनमुन्याच्या तारखेपासून तीन महिन्यांची प्रतीक्षा. चिप बसवण्याआधी दिलेली लस मोजत नाहीत. म्हणजे हातात चारेक महिने हवेत, आणि व्हिसाची हालचाल सुरू होताच मांजराचीही सुरू करायला हवी. पिल्लू घरी आल्याच्या वर्षीच चिप बसवून घेतली तर हे सगळं हलकं होतं. इंग्लंडमध्ये तर जून २०२४ पासून २० आठवड्यांवरच्या प्रत्येक पाळीव मांजराला चिप सक्तीची आहे.

संस्था महिन्याने, सहा महिन्यांनी फोटो मागते तेव्हा तो आनंदाने पाठवावा. त्या फोटोतून त्यांना मांजराचं वजन दिसतं, डोळे दिसतात, मागची जाळी दिसते, आणि पुढचं पिल्लू अशाच घरात द्यायला हुरूप येतो.

काही फॉर्मवर अगदी शेवटी एक प्रश्न असतो, जो बरेच जण रिकामा सोडतात: तुमच्यानंतर मांजराची जबाबदारी कोण घेईल? घरात सांभाळलेलं मांजर १५ वर्षंही सहज जगतं. साठीतल्या जोडप्याने पिल्लू घेतलं तर तो हिशेब आजच करायला हवा, आणि तिशीतल्या एकट्या राहणाऱ्यानेही. तिथे एक नाव लिहा, आणि लिहिण्याआधी त्या माणसाला फोन करून विचारा.